घराला घर जोडताना

हैदराबादेत हिमायतनगरातील एका मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात आम्ही अलीकडेच बसलो होतो. समोरच्या मेजावर दोन कागद होते. पहिला कराराचा मसुदा. जुने घर पाडावयाचे, त्या जागी पाच मजली इमारत उभी राहावयाची, निम्म्या सदनिका घरमालकांच्या आणि निम्म्या बांधणाऱ्याच्या. दुसरा कागद एका तरुण वास्तुविशारदाने काढलेला नकाशा होता. त्यात घर जागच्या जागी राहत होते आणि मागील अंगणात चार खोल्यांची नवी वास्तू त्याला जोडली जात होती. थोरल्या चिरंजीवांचा कल पहिल्या कागदाकडे, धाकट्यांचा दुसऱ्याकडे. परदेशी असलेल्या कन्येने आपले मत राखून ठेवले होते. ऐंशी ओलांडलेल्या आजींनी दोन्ही कागद चष्मा लावून पाहिले. "देवघर वरच्या मजल्यावर नको. मला चढवत नाही," एवढेच म्हणून त्या आत गेल्या.

तुम्ही समुद्रकाठचे, जुन्या घरांत वाढलेले, तेव्हा तुमचे काय मत आहे, असे आम्हांस विचारण्यात आले. त्या वेळी आम्ही गुळमुळीत उत्तर देऊन चहा घेतला. परतीच्या प्रवासात मात्र तो प्रश्न सुटेना. कारण तो एकट्या हिमायतनगरचा नव्हे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत आणि पुढे सावंतवाडी-मालवणापर्यंत कौलारू घरांच्या प्रत्येक वाड्यावर तो आज उभा आहे. घर जुने, माणसे वाढलेली, गरजा बदललेल्या. अशा वेळी पाडावे, सोडून द्यावे की वाढवावे? आणि वाढवावे तर कसे?

हिमायतनगरची हकीकत आमच्या वाचकांना फारशी परिचित नसेल. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला आलेल्या महापुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग धुऊन नेला आणि सहस्रावधी माणसे प्राणास मुकली. त्यानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता होऊन मुंबई इलाख्याची नोकरी केलेले हे गृहस्थ महाराष्ट्राला परके नव्हते. पुराला आवर घालण्यासाठी उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय झाले. १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि दाटीच्या वस्तीबाहेर, हवा-उजेड खेळेल अशा आखीव वसाहतींचा विचार रुजला. सातव्या निजामांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह यांचे नाव जलाशयाला मिळाले तसेच या वसाहतीलाही मिळाले. एका बाजूस हुसेनसागर, दुसऱ्या बाजूस नारायणगुडा, पलीकडे किंग कोठी. मध्ये क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. उर्दू हॉल, मखदूम भवन आणि तिरुपती देवस्थानचे मंदिर ही सारी एकाच वस्तीत नांदतात, हे हैदराबादच्या स्वभावाला धरूनच आहे.

गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत येथे वकील, डॉक्टर, शिक्षक आणि सरकारी अधिकारी यांची दुमजली घरे उठली. राजवाड्याचा थाट त्यांना नाही. घडीव ग्रॅनाइटचे जोते, चुन्यात बांधलेल्या दीड-दीड फूट जाडीच्या भिंती, बारा-तेरा फूट उंचीवरचे छत. छत कसले, तर सागवानी तुळयांवर उभ्या विटा बसवून वर चुन्याचा कोबा घातलेले. दिवाणखान्यात रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आणि स्वयंपाकघरात शहाबादी फरशी. ज्या शहाबादेचे नाव महाराष्ट्रातील घरोघरची गृहिणी घेते, ते गाव निजामाच्याच मुलखातले, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते. दर्शनी बाजूस गोलाई दिलेला सज्जा, पायऱ्यापायऱ्यांची कठड्याची रेषा, लोखंडी जाळीत उगवत्या सूर्याची किरणे. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर अशीच घरे आहेत आणि २०१८ साली ती जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. हिमायतनगरातील त्यांची भावंडे भंगाराच्या भावाने विकली जात आहेत. जाळी वेगळी, सागवान वेगळे, लाद्या वेगळ्या.

मराठी माणसाचा या शहराशी संबंध कालपरवाचा नव्हे. निजामाच्या दफ्तराची एक बाजू पिढ्यान् पिढ्या ज्या राय रायान घराण्याकडे होती ते देशस्थ मराठी घराणे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. कोरटकरांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली केशव स्मारक शाळा हिमायतनगरला लागूनच असलेल्या नारायणगुड्यात आहे. आम्हां गोमंतकीयांना तर एक विशेष योगायोग आठवावा असा आहे. १९३० साली वामन मल्हार जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन मडगावी भरले आणि लगेच पुढच्या वर्षी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली ते हैदराबादेस गेले. एक नगर पोर्तुगिजांच्या अमलाखाली, दुसरे निजामाच्या. मराठीचा संसार दोन्हीकडे परक्या छपराखाली चालला होता.

त्या काळी हैदराबाद संस्थानात जाहीर सभा भरविणे सोपे नव्हते. 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध फर्मानाने सभेसाठी पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. सभागृहे अशी बंद असली म्हणजे घरांच्या ओसऱ्यांना आणि दिवाणखान्यांना सभागृहाचे काम करावे लागते. १९३८च्या सत्याग्रहापासून १९४८च्या सप्टेंबरपर्यंतचा जो काळ आम्ही पुस्तकांत वाचतो, तो असल्याच दिवाणखान्यांतून जगला गेला. पोर्तुगीज राजवटीतील गोव्याचा अनुभव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे विस्ताराने सांगावयास नको. म्हणून या घरांचे मोल केवळ गोलाईच्या सज्ज्यात आहे असे समजणे ही आमच्या मते मोठी चूक ठरेल.

मग शासन काय करते? या बाबतीत हैदराबादची कहाणी उद्बोधक आहे. १९९५ साली, म्हणजे मुंबईला वारसा-नियमावली लागू झाली त्याच वर्षी, हैदराबादेतही नगररचनेच्या नियमांत तेरावा नियम म्हणून वारसा-वास्तूंच्या संरक्षणाची तरतूद झाली. दीडशेच्या आसपास वास्तूंची यादी झाली. तिचा भर साहजिकच राजवाडे, देवड्या, प्रार्थनास्थळे आणि सरकारी इमारती यांच्यावर होता. २००६ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारने शहरातील चटईक्षेत्राची मर्यादाच उठविली आणि इमारत किती उंच व्हावी हे मुख्यतः समोरच्या रस्त्याची रुंदी व भूखंडाचा आकार यांवर ठरू लागले. रुंद रस्त्यावरचे दुमजली घर एका रात्रीत महागडी चैन होऊन बसले. २०१५ साली तो तेरावा नियमही वगळण्यात आला. २०१७ साली तेलंगणाचा स्वतंत्र वारसा-कायदा आला खरा. तरीही २०१९ साली नवाब फख्र-उल्-मुल्क यांनी बांधलेला एर्रम मंझिल पाडून तेथे विधानसभेची नवी इमारत उभारण्याचा निर्णय सरकारनेच घेतला, आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला म्हणून ती वास्तू वाचली. जेथे नवाबाच्या महालाला न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो, तेथे निवृत्त मुख्याध्यापकाच्या घराचा वाली कोण?

येथे एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. जुन्या घराचे संरक्षण म्हणजे त्याच्या एकाही विटेला हात न लावणे, असा जो समज काही वारसाप्रेमी मंडळींनी पसरविला आहे, त्याने घरांचे फार नुकसान केले आहे. मालकाला सांगावयाचे की तुझे घर ऐतिहासिक आहे, त्यात न्हाणीघर वाढवू नकोस, म्हातारीसाठी उद्वाहक बसवू नकोस, मुलाच्या लग्नानंतर खोली काढू नकोस. मग तो मालक एक दिवस कंटाळून घराची किल्लीच बिल्डरच्या हाती ठेवतो. त्याला दोष कुठल्या तोंडाने द्यावयाचा? मुंबईच्या नियमावलीत, जो बांधकामाचा हक्क वारशापायी मालकाला वापरता आला नाही तो अन्यत्र वापरण्याची वाट निदान ठेवलेली होती. जेथे चटईक्षेत्राला मर्यादाच नाही तेथे असल्या हक्काला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

आणि घरे वाढत नव्हती असे कोण म्हणतो? पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा पाहावा. अनेक चौकांची ती वास्तू एका मुहूर्तावर आणि एका नकाशाबरहुकूम उठलेली नाही. कोकणात आणि गोव्यात घर मागे वाढले, बाजूला वाढले, राजांगणाच्या चौथ्या बाजूला छप्पर पडले, गोठ्याची खोली झाली, पडवी बंद होऊन माजघर झाले. ज्यांनी हे केले त्यांना वारसा हा शब्दही ठाऊक नव्हता. परंतु काही गोष्टी त्यांना न शिकविता कळत होत्या. तुळशीसमोरचे अंगण कुणी अडविले नाही. नव्या भागाचे आढे जुन्या आढ्याहून उंच कुणी नेले नाही. नव्या छपराचे पाणी जुन्या भिंतीवर कुणी सोडले नाही. धाकट्याने थोरल्यासमोर पाय पसरून बसू नये इतकी ती साधी रीत होती.

जगातील जाणकारांनी पुढे हीच रीत कागदावर मांडली. १९६४ साली व्हेनिस येथे संमत झालेल्या सनदेचा आशय असा की जुन्या वास्तूत भर घालताना तिचे लक्षणीय भाग, तिचा तोल आणि तिचा परिसर यांना बाध येऊ नये. हरपलेल्या भागाची जागा जे नवे घेईल ते जुन्याशी मिळतेजुळते असावे, तरीही नवे म्हणून ओळखू यावे. या शेवटच्या अटीकडे आमच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. अलीकडे गोव्यात सिमेंटचे खांब आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसची महिरप लावून जी 'पोर्तुगीज' बंगल्यांची पैदास सुरू आहे, ती पाहून आम्हांस नाटकातल्या दाढ्यांची आठवण होते. दुसऱ्या टोकाला कौलारू घराच्या कुशीत स्लॅबचा ठोकळा आणि त्याला निळ्या काचा. पहिल्यात लबाडी आहे, दुसऱ्यात उद्धटपणा. दोहोंच्या मधली वाट अवघड आहे, पण ती आहे.

ती कशी असते हे त्या हिमायतनगरच्या दुसऱ्या कागदावरूनच समजले. आम्ही स्थापत्याचे जाणकार नव्हे, परंतु त्या तरुण वास्तुविशारदाने दोन तास बसून एकेक रेघ समजावून दिली.

पहिला प्रश्न वर चढविण्याचा. त्याच गल्लीतील एका घरावर मालकाने तिसरा मजला काँक्रीटचा चढविला होता. आम्ही तो जाऊन पाहिला. चुन्यातल्या भिंती आपल्या घराचा भार पिढ्यान् पिढ्या वाहत आलेल्या. त्यांच्या डोक्यावर अकस्मात नवे ओझे आले. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. त्या झाकण्यासाठी सिमेंटचा गिलावा झाला. चुन्याची भिंत ओल शोषते आणि पुन्हा हवेत सोडून देते. तिच्यावर सिमेंटचे कवच चढले की ती ओल आत कोंडते, क्षार फुलतात, गिलावा ढलप्यांनी सुटतो आणि घरमालक म्हणतो, जुनी घरे अशीच, ओलीने खाल्लेली! रोग दिला कुणी आणि बोल कुणाला! आपल्याकडील चिऱ्यांच्या घरांचीही हीच कथा आहे. चार महिने धो धो पाऊस, भिंतीला श्वास घेण्यास जागा नाही, आणि कंत्राटदार दरवर्षी नवा जलरोधक रंग सुचवितो.

म्हणून वाढ वर नको, मागे. त्या घराच्या पाठीमागे विहीर, धुण्याचा दगड आणि पडीक खोल्यांची एक ओळ होती. नवी वास्तू त्या ओळीच्या जागी. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती दिसणारही नाही. दुसरे, नवीन पाया जुन्या पायाला खेटून खणावयाचा नाही. जुने घर आपल्या पायावर केव्हाच स्थिरावलेले असते. नवे बांधकाम पहिली काही वर्षे किंचित खाली बसते. दोघांना एकजीव बांधले की नवे बसताना जुन्याला ओढते आणि सांधा फाटतो. तेव्हा दोन वास्तू शेजारी, परंतु सुट्या. मध्ये पाच-सहा फुटांची बुटकी, हलकी वाट, तिला स्वतःचे छप्पर, आणि त्या छपराचे पाणी दोन्ही घरांपासून दूर नेणारी पन्हळ. कौलारू घराला स्लॅब जोडून ज्यांनी दर श्रावणात त्या सांध्याखाली घमेली मांडली आहेत, त्यांना या पन्हळीचे महत्त्व आम्ही काय सांगावे!

तिसरे, नव्यात जाण्यासाठी जुनी भिंत फोडावयाची नाही. मागचे दार आहेच. त्याच दारातून वाट निघेल. उद्या नवा भाग नको झाला तर काढता येईल आणि जुन्या भिंतीला खिळ्याएवढीही जखम राहणार नाही. चौथे, उद्वाहक आणि दोन न्हाणीघरे, म्हणजे पाण्याचे आणि यंत्राचे सारे काम, नव्या भागात. जुने छत त्या ओलीपासून आणि हादऱ्यांपासून मोकळे. राहिला दिसण्याचा प्रश्न. नव्या भागाचा कठडा जुन्या कठड्याहून हातभर खाली. खिडक्या जुन्यांसारख्याच उभट, परंतु साध्या. सूर्यकिरणांची जाळी नक्कल करून लावावयाची नाही. रंग जुन्या चुन्याच्या जवळचा. "लोकांनी विचारलं पाहिजे की हे कधी बांधलं, आणि उत्तर लगेच मिळालं पाहिजे," असे तो तरुण म्हणाला. आम्हांस ते पटले.

थोरल्या चिरंजीवांनी यावर विचारलेला प्रश्न मात्र तितकाच खरा होता. "हे सगळं छान आहे. पण पैसे कोण देणार?" करारावर सही केली तर खिशातून एक रुपया न जाता सदनिका पदरात पडतात. घर राखले तर चुन्याचे काम जाणणारे गवंडी शोधा, सागवानाच्या तुळया तपासा, परवान्यासाठी खेटे घाला, आणि हे सारे स्वतःच्या खर्चाने. समाजाला वारसा हवा, पण त्याचे बिल एकट्या कुटुंबाने भरावे, हा कोणता न्याय? आमच्या मते असल्या घरांना मालमत्ता-करात भरघोस सूट मिळावी. मागे वाढविणाऱ्याला मोकळी सोडावयाच्या जागेच्या नियमांत सवलत मिळावी. आणि नगरपालिकेत अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला नकाराच्या शिक्क्याऐवजी सल्ला देणारा एक तरी जाणता मनुष्य बसलेला असावा. यातील एकाही गोष्टीला तिजोरी रिकामी करावी लागत नाही.

आमच्या गोव्यात अडचण आणखी एका कारणाने वाढते. आमच्याकडील वारसाहक्काच्या कायद्याने घर सर्व वारसांचे समाईक. कुणी मुंबईस, कुणी लिस्बनला, कुणी आखातात. कौले बदलण्यासाठी सुद्धा सर्वांची तोंडे एका दिशेस वळावी लागतात, आणि ती वळेपर्यंत वासे वळचणीला येतात. २०१२ च्या वारसाहक्क कायद्यानंतरही इन्व्हेंटरीची प्रकरणे संपलेली नाहीत. पणजीतील मळा-फोंतेन्हास हा भाग संवर्धन-क्षेत्र म्हणून जाहीर आहे. तेथील रंगीत गल्ल्यांत छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ असते. पण फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या आतल्या वाड्यावरील राजांगणाच्या घराचे छायाचित्र काढावयास कुणी जात नाही. ते कोसळले की गावकऱ्यांना कळते, आणि चिरे हलविण्यासाठी टेंपो येतो तेव्हा शेजाऱ्यांना.

काही वाचक म्हणतील, संपादकांना भावनेने ग्रासले आहे. थोडेसे ग्रासले असेलही. त्या दिवाणखान्यातील उंच छताखाली भर उन्हाळ्यातील दुपारी पंखा न लावता आम्ही बसू शकलो, हे मात्र भावनेचे बोलणे नव्हे. कराराच्या मसुद्यातील सदनिकांना प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र दाखविले होते.

गेल्या आठवड्यात धाकट्या चिरंजीवांचे पत्र आले. कन्येने होकार दिला आहे. थोरल्यांनी सही करावयाचे तूर्त थांबविले असून खर्चाचा अंदाज मागविला आहे. नकाशात एक बदल झाला. उद्वाहकाची जागा विहिरीच्या बाजूला सरकली, कारण आजींना पारिजातक हलवू द्यावयाचा नाही. देवघर खालीच राहिले आहे.